नाईट शिफ्टची भांडी

जानराव गजभिये कारखान्याच्या टूल रूममधून रिटायर झाले, तेव्हा घरी येताना त्यांनी एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि जगातली प्रत्येक वस्तू जागेवर लावायची खुमखुमी आणली. शाल कपाटात गेली, घड्याळ भिंतीवर गेलं. खुमखुमी कुठं ठेवावी ते मात्र कुणाला कळेना.

टूल रूमचा कायदा असा की प्रत्येक पान्याला फळीवर आपली जागा असते, आणि त्या जागेवर पान्याची आकृती रंगानं काढलेली असते. पाना नेला की रिकामी आकृती लांबून दिसते. जानरावांनी आयुष्यभर हेच केलं आणि हेच खरं शहाणपण असं त्यांना मनापासून वाटायचं. रिटायर झाल्यावर दोन महिन्यांत त्यांनी स्कूटरची डिक्की लावली, चपला लावल्या, औषधं लावली, शेजारच्या देवीदासची सायकल दुरुस्तीची पेटीसुद्धा न विचारता लावून दिली. सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरात एकच जागा त्यांच्या हातून सुटली होती, ती म्हणजे स्वयंपाकघर. तिथं कांता होती.

कांताच्या डाव्या गुडघ्यानं संधी दिली. रायपूरला ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसवला, आणि मुलगी संघमित्रा आईला थेट चरोद्याला आपल्या रेल्वे क्वार्टरात घेऊन गेली. "आता महिनाभर आई माह्याकडे. बाबा, तुमी फक्त टिफिन खा अन् गप बसा," असं तिनं बजावलं. डॉक्टरांनी कांताला चार गोष्टींना बंदी केली होती. खाली बसायचं नाही, उकिडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. मुलगा प्रेमानंद पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, आई यायच्या आत किचनमध्ये कॅबिनेट करून घ्या. ओट्याखालच्या त्या फरशीवरची भांडी काढायला आता तिला खाली बसता येणार नाही."

जानरावांना एवढंच हवं होतं. राजकुमार मिस्त्रीनं पंधरवड्यात ओट्याच्या खाली आणि वर पांढरी, गुळगुळीत कपाटं बसवली. मग जानरावांनी बाह्या वर केल्या आणि जुन्या मांडणीवरची, फरशीवरची सगळी भांडी बाहेरच्या खोलीत आणून मांडली.

तेव्हा त्यांना त्या चिंध्या दिसल्या. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात एक, कढईत एक, दोन परातींच्या मध्ये एक. झाकणं तर चिंध्यांत गुंडाळलेलीच होती. जुनाट, धुवून धुवून रंग उडालेले, कडा विरलेले तुकडे. आता टूल रूमच्या माणसाला तेलकट चिंधी म्हणजे साक्षात आग. तिथं नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात की चिंधी दिसली की बाहेर. जानरावांनी ढीग केला आणि झाडू-पोछ्याला येणाऱ्या गयाबाईच्या हाती दिला. "घेऊन जा बाई. घरात काय काय जमवून ठेवते ही कांता!"

मग त्यांनी कायद्यानुसार मांडणी केली. जड वस्तू खाली, हलक्या वर. कुकर, तवा, कढया, परात, मोठा गंज सगळ्यात खाली. चहाची गाळणी, प्लास्टिकचे डबे, मसाल्याच्या बाटल्या पार वरती, छताजवळ. मधल्या फळ्यांवर, जिथं बघणाऱ्याचा डोळा आधी जातो, तिथं पाहुण्यांसाठीचा काचेचा सेट, टॉर्च आणि मलमपट्टीचा डबा. दारांवर चिठ्ठ्या लावल्या. "भारी." "हलके." "आपत्कालीन." फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. प्रेमानंदनं अंगठा दाखवला, जावई भूषणनं टाळ्या पाठवल्या, आणि जानराव त्या रात्री अगदी समाधानानं झोपले.

महिन्यानं कांता आली. वॉकर धरून हळूहळू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि उभी राहिली. एका दारावरून हात फिरवला, दुसरं उघडून पाहिलं, चिठ्ठ्या वाचल्या.

"कसं वाटते?" जानरावांनी विचारलं. साहेब पाहणीला आले की ते असेच हात मागं बांधून उभे राहायचे.

"छान हाय," कांता म्हणाली. "लई मेहनत केली तुमी."

बस, एवढंच. पण कांताकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ असतं, हे जानरावांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात असा काही खणखणाट झाला की जानराव पलंगावरून उतरले कधी आणि धावले कधी, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. कांता एका हातानं ओटा घट्ट धरून उभी होती. दुसऱ्या हातात सराटा, म्हणजे लांब दांड्याचं उलथणं. ऑपरेशनचा पाय तिरपा बाहेर काढून, न वाकता, सराट्याच्या टोकानं ती खालच्या कपाटातून चहाची छोटी गंजी ओढत होती. गंजी आली नाही, पण तिच्यावरची कढई आली, कढईमागून झाकणं आली, आणि सगळी फरशीभर लोळत होती. कांताचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती ना पायाकडं बघत होती, ना भांड्यांकडं. ती बेडरूमच्या दाराकडं बघत होती.

"उठले का तुमी?" ती घाबरून म्हणाली. "झोपा, झोपा. मी उचलते सारं."

"झोप गेली चुलीत! पाय बरा हाय का? पडली असती तर?"

"नाही पडली. तुमची झोप मोडली न पण."

जानरावांनी तिला खुर्चीवर बसवलं, भांडी गोळा केली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं चहा केला. साखर कुठं आहे ते त्यांना लगेच सापडलं, कारण ठेवली त्यांनीच होती. चहा फिका झाला. कांतानं तो तक्रार न करता प्यायला आणि मग हळूच विचारलं, "भांड्यांतले कपडे कुठी ठेवले?"

"त्या चिंध्या? गयाबाईले देल्या. घाण होत्या."

"बरं," कांता म्हणाली. "त्या नाईटच्या होत्या."

"नाईटच्या म्हणजे?"

"तुमची नाईट असली का तुमी सकाळी यायचे. आंघोळ केली, दोन घास खाल्ले का झोपून जायचे. अन् मले तव्हाच सैपाक. पोरं शाळेतून यायची. मधात ही एकच भिंत. भांड्याले भांडं लागलं का वाजे. एक डाव तुमी दचकून उठले, मंग दिवसभर डोळ्याले डोळा नाही, अन् रात्री तसेच ड्यूटीवर गेले. त्या रात्री मले झोप नाही आली. वरून क्रेन जाते म्हणून तुमीच सांगायचे. माणसाचा डोळा लागला तर?" तिनं कप खाली ठेवला, तोही आवाज न करता. "मंग तुमची जुनी वर्दी फाडली अन् भांड्याभांड्यात घातली. पोरायलेबी तसंच शिकवलं. वर्दी जुनी झाली का नवे तुकडे."

जानरावांना आपलीच बढाई आठवली. टूल रूममध्ये ते वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगायचे, "आमचं सेक्टर टेन लय शांत हाय बे. नाईट करून आलो का दुपारपर्यंत ढाराढूर." देवीदासला नाईटनंतर झोप लागत नसे, तर त्याला त्यांनीच सल्ला दिला होता, क्वार्टर बदल म्हणून. देवीदासनं बिचाऱ्यानं खरोखरच अर्ज करून शेजारचं क्वार्टर घेतलं. तरी त्याची झोप होईना. तेव्हा जानराव त्याला म्हणाले होते, तुले पित्त असन, डॉक्टरले दाखव.

सेक्टर शांत नव्हता. कांता शांत होती. आणि ती कशी आहे हे कळायला जानरावांना रिटायर व्हावं लागलं, आणि एक कढई पडावी लागली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

गयाबाई आली तसे ते दारातच तिच्या मागं लागले. "गयाबाई, वो कपडे वापस दे दो."

"ओ चिंधी मन तो पोंछा बन गे, दादा," गयाबाई म्हणाली. "फाट घलो गे. का करहू ओला?"

चिंध्यांचे पोछे झाले होते आणि ते फाटून संपलेही होते. जानराव परत स्वयंपाकघरात आले, दारांवरच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या आणि कांताला ओट्यासमोर सरळ उभं केलं. "हात लांब कर. टाच उचलायची नाही. कंबर वाकवायची नाही." तिचा हात जिथपर्यंत वर गेला तिथं त्यांनी खडूनं रेघ मारली. जिथपर्यंत खाली गेला तिथं दुसरी मारली. या दोन रेघांच्या मध्ये बसत होता ओट्याखालचा पहिला खण आणि वरच्या कपाटाची खालची फळी. काचेचा सेट, टॉर्च, मलमपट्टी सगळं तिथून हललं.

"आता सांग. रोज काय लागते?"

कांता सांगत गेली आणि जानराव ठेवत गेले. चहाची गंजी, छोटी कढई, तवा, लहान कुकर, वरणाचं पातेलं, सांडशी, सराटा, मिठाचा डबा. गंजी पुढं की कढई पुढं, यावर दोघांचं थोडं वाजलंही. तवा उभा ठेवावा हे कांतानं सुचवलं आणि ते बरोबर निघालं. जागा संपली, भांडी उरली.

"बाकी खालचं अन् वरचं माह्याकडं," जानराव म्हणाले. "लागलं का मले हाक मारजो. तू वाकायचं नाही."

"म्हणजे दर घडीले तुमाले हाका मारू?"

"मार न! मले दुसरं काम काय हाय?"

कांता हसली. पण हाक काही आली नाही.

तिला सवयच नव्हती. नवऱ्याचं नाव घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. पण "अवो" म्हणून दुसऱ्या खोलीतून बोलवायचंही तिनं कधी केलं नव्हतं. आधी ते झोपलेले असायचे, आणि नंतर मुलं होती. "प्रेमा, बाबाले जेवाले बोलाव." "मित्रा, बाबाले इचार भात घेते का." आता प्रेमा पुण्याला, मित्रा चरोद्याला. आणि मधल्या दोन रेघांत जेवढं मावलं तेवढ्यात कांतानं आपला स्वयंपाक बसवून टाकला. छोट्या कढईत मावेल तेवढी भाजी. लहान कुकरात मावेल तेवढा भात. मोठ्या परातीशिवाय पुऱ्या होत नाहीत, म्हणून पुऱ्या नाहीत. वडे नाहीत. जानरावांच्या आवडीचं भरीत नाही, कारण भरीत कालवायचं पसरट भांडं खाली होतं.

जानराव व्हरांड्यात पेपर धरून बसायचे आणि कान आत. पेपर तोच, पान तेच. दहादा आत जाऊन विचारायचे, "काही काढून देऊ का?" उत्तर ठरलेलं. "काही नाही लागत. तुमी बसा आरामशीर."

आरामशीर! जानरावांना त्या शब्दाचाच संताप यायला लागला. कोणता पाना लागेल हे ज्याला विचारल्याशिवाय कारखान्यात चाळीस जणांचं पान हलत नव्हतं, त्या माणसाला घरात एक परात कुणी मागत नव्हतं. शेवटी त्यांनी चरोद्याला फोन लावला. "तुह्या आईले मले हाक मारायले काय होते वं?"

"बाबा, आईनं आजवर कोणाले काही मागतलं का?" संघमित्रा म्हणाली. "वो नहीं बोलेगी, बाबा. तुमाले दिसतच नाही का?"

जानरावांनी फोन ठेवला. त्यांना दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक, कांता केव्हातरी त्यांच्या पाठीमागं वाकेल आणि पडेल. आणि दुसरी, जी त्यांनी संघमित्राला सांगितली नाही. आपण कांताला कधी लागलोच नाही का? सारं आयुष्य ती आपल्याला जपत आली, आणि आता जपायची आपली पाळी आली, तर ती आपल्याला पाळीच देत नाही.

त्या दुपारी कांता जेवून झोपली होती. औषधांनी तिला हल्ली दुपारी गाढ झोप लागे. जानरावांनी कपाटातून आपली शेवटची वर्दी काढली. इस्त्री करून ठेवलेली, खिशावर नाव शिवलेली. रविवारी ते ती अधूनमधून नुसती बाहेर काढून बघायचे. आज त्यांनी कांताची कात्री घेतली आणि ती कापली. एरवी ज्या माणसाचा हात सुतासारखा सरळ, त्याचे सगळे तुकडे वाकडे आले.

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि एकेक भांडं उचलून त्यात तुकडा घालू लागले. तेव्हा त्यांना कळलं, हे काम काय असतं. गंजी उचलली तर सांडशी हलली. झाकण ठेवलं तर किणकिणलं. कुकरचं दांडकं दाराला लागलं. प्रत्येक आवाजाला ते थबकत आणि बेडरूमकडं कान देत, कांताची झोप मोडली का म्हणून. एवढी भांडी गुपचूप ठेवता ठेवता त्यांच्या पाठीला घाम फुटला. आणि हिनं हे रोज केलं. पोरांचा अभ्यास घेत, फोडणी देत, वर्षानुवर्षं. जानराव परात हातात धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले.

कांता उठली, पाणी प्यायला आत आली, आणि खण उघडून तशीच उभी राहिली. चहाच्या गंजीत वर्दीचा खिसा होता. "जा. गजभिये" हे तिनं बोटानं चाचपून वाचलं.

"चांगली वर्दी कावून कापली?"

"तुह्या चिंध्या फेकल्या होत्या न मी," जानराव म्हणाले. "तुह्यासारखं जमलं नाही. थोडा आवाज झाला. उठली का?"

"नाही," कांता म्हणाली. "मी जागीच होती. ऐकून राहिली होती."

तिनं खिशाचा तुकडा परत गंजीत ठेवला आणि खण लावला. संध्याकाळी छोट्या कढईत मावेल तेवढीच भाजी झाली.

दोन दिवसांनी बुद्ध पौर्णिमा होती. दर पौर्णिमेला विहारात कांताची खीर जायची, मोठा गंज भरून, लग्नात माहेरहून आलेला, काठावर तिचं नाव कोरलेला गंज. तो आता अगदी तळाच्या कपाटात होता. आदल्या रात्री कांता खिरीबद्दल बोलली नाही. जानरावांनीही विचारलं नाही. आपण विचारलं की ती "काही नाही लागत" म्हणणार, आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं. यंदा केळीच न्यावीत विहारात, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. केळ्यांचं नव्हे. उद्यासुद्धा तिनं मागितलं नाही, तर ती कधीच मागणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

पहाटे ते जागेच होते. कांता उठून आत गेल्याचं त्यांना वॉकरच्या आवाजावरून कळलं. मग सगळं शांत झालं. पूर्वीसारखं, अगदी नाईटनंतरच्या दिवसांसारखं शांत. जानराव कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडले.

ठण्ण!

कपाटातला कप हलेल असा आवाज झाला. जानराव अनवाणी धावले. "पडली का? कांता! पाय?"

कांता ओट्याजवळ ताठ उभी होती. एका हातात कुकरचं झाकण, दुसऱ्यात सराटा. ओट्यावर हाताशी असलेल्या भांड्यांतले वर्दीचे तुकडे नीट घड्या घालून एकावर एक ठेवलेले होते, खिशाचा तुकडा सगळ्यात वर. दुधाची पातेली गॅसवर चढली होती.

"पडू कायले?" ती म्हणाली. "मोठा गंज काढून द्या. विहारासाठी खीर कराची हाय."

जानरावांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "अवं, मंग इतक्या मोठ्यानं?"

"मंग? मले काही हाक मारता येत नाही." कांतानं मान खाली घातली, पण तिला हसू आवरत नव्हतं. "इतके वर्सं झोपू देलं तुमाले. आता नाही देत."

जानराव गुडघ्यावर बसले, तळाचं कपाट उघडलं आणि मोठा गंज दोन्ही हातांनी बाहेर ओढला. तो कपाटाला घासला, कढईला आपटला, चांगला दणदणून वाजला. त्यांनी तो मुळीच जपून काढला नाही. ओट्यावर ठेवला, पुसला, आणि तसेच उभे राहिले.

"अजून काही?"

"आता नाही. जा, पडा थोडं. लागलं का वाजवीन."

ते जाऊन पलंगावर पडले. झोप कसली लागतेय. दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. आतून तांदूळ धुतल्याचा, वेलची कुटल्याचा आवाज येत होता, आणि जानराव छातीवर हात ठेवून, छताकडं बघत वाट पाहत होते. थोड्याच वेळात दुसऱ्यांदा ठण्ण झालं.